तंबाखूच्या मुलखात 'वाइन कंट्री'

थंडीचे दिवस आले की आमच्या कचेरीत फायलींपेक्षा सहलींच्या जाहिराती जास्त फिरतात. गेल्या हिवाळ्यात अशीच एक जाहिरात टेबलाटेबलावरून होत माझ्या मोबाइलवर येऊन पडली. चोर्ला घाटापासून निपाणीपर्यंतच्या सगळ्या मुलखाला तिने एका फटक्यात 'वाइन कंट्री' करून टाकले होते, आणि त्या वाइन कंट्रीत 'ग्लॅम्पिंग' करायला गोव्याच्या 'चोखंदळ' प्रवाशांना आमंत्रण होते. खाली फोटो. पांढरा तंबू, आत चार माणसे झोपतील असा पलंग, पलंगावर टॉवेलचे हंस, आणि दारात दोन काचेचे पेले.

वाचकहो, ग्लॅम्पिंग म्हणजे काय हे मलाही शोधावे लागले. 'ग्लॅमर' आणि 'कॅम्पिंग' या दोन शब्दांची ही सोयरीक. ऑक्सफर्डच्या कोशात ती २०१६ साली नोंदली गेली. थोडक्यात, रानात राहायचे पण रान अंगाला लागू द्यायचे नाही. शब्द नवा, प्रकार जुनाच. मोगलांच्या छावण्या काय आणि इंग्रज कलेक्टरची फिरती काय, दोन्हीकडे शामियाने, कनाती, गालिचे होतेच. तेव्हाही आमच्यासारखा कारकून दफ्तर काखोटीला मारून साहेबाच्या राहुटीमागे धावत असणार. आता साहेब गेला, राहुटी राहिली, आणि कारकुनालाच वाटू लागले आहे की एक रात्र आपणही साहेब व्हावे.

मीही गेलो. खोटे कशाला बोलू? साडूने बुकिंग केले होते, पैसेही त्यानेच भरले होते. शनिवारी रात्री तंबूत राहायचे, रविवारी बेळगाव-निपाणी मार्गे कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन घ्यायचे आणि परतायचे, असा बेत. घाट चढून गोव्याची हद्द ओलांडली आणि कणकुंबीच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्याला लागलो. तंबू फोटोतल्यासारखाच होता. फोटोत आवाज येत नाही, एवढाच फरक! आतल्या एसीसाठी लावलेला जनरेटर रात्रभर घुरघुरत होता, त्यामुळे ज्या रातकिड्यांसाठी पैसे मोजले ते शेवटपर्यंत ऐकू आले नाहीत. जेवणात पास्ता होता. बेळगाव जिल्ह्यात बसून मुलांनी कुंदा मागितला तर तो 'मेनूवर नाही' असे उत्तर मिळाले.

आणि वाइन? टेबलावर बाटली होती. लेबल वाचले तर नाशिकची!

नाशिकला कोणी 'वाइन कंट्री' म्हटले तर माझी तक्रार नाही. तिथे द्राक्षे आहेत. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासचे पठार, हिवाळ्यातल्या थंड रात्री, सप्टेंबरच्या सुमाराची छाटणी आणि जानेवारी ते मार्चमधली तोडणी, असे सगळे जमून आलेले आहे. 'सुला'ची स्थापना १९९९ सालची. महाराष्ट्र सरकारचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ सालचे. तिथे बागेत तंबू ठोकला तर निदान तंबूतून वेल दिसतो, माणूस पिणार असलेली गोष्ट कुठून आली ते बघू शकतो. पण कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात वाइन कंट्री? कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत आमगावचे नाव घेतात. तिथे द्राक्षाचा वेल लावलाच तर पहिल्याच पावसाळ्यात तो बुरशीने जाईल. बेळगाव जिल्ह्यात द्राक्षे नाहीत असे नाही, पण ती पार पूर्वेला, अथणी तालुक्याच्या कोरड्या भागात, आणि त्यांतल्या बऱ्याच द्राक्षांचे नशीब बेदाणा होण्याचे आहे. म्हणजे जिथे द्राक्ष आहे तिथे तंबू नाही आणि जिथे तंबू आहे तिथे द्राक्ष नाही.

इतके असूनही नाव वाइन कंट्रीच का? मला वाटते, त्या नावात काही विकण्यापेक्षा काही पुसण्याची सोय जास्त आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून ज्या भूमीवर भाषेचा आणि नावाचा झगडा चालू आहे, ज्या झगड्याचा महाराष्ट्राने दाखल केलेला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, जिथे 'बेळगाव' म्हणावे की 'बेळगावी' यावरून माणसे रस्त्यावर येतात, त्या भूमीचे नाव इंग्रजीत बदलले की सगळा प्रश्नच मिटला. 'वाइन कंट्री'त ना मराठी माणूस राहतो ना कन्नड. तिथे फक्त पाहुणा राहतो.

दुसऱ्या दिवशी निपाणी आली तेव्हा मी साडूला म्हटले, "ही बघ तुझ्या वाइन कंट्रीची दुसरी हद्द." चहाला थांबलो. निपाणीचे पीक तंबाखू, तोही विडीचा. शेतात कापून उन्हात वाळवायचा, वखारीत आणायचा, मग जर्दा करायचा. त्याचा वास ज्याच्या नाकात गेला आहे त्याला तिथे कुणी वाइनच्या 'सुगंधा'बद्दल सांगू नये. तंबाखूचे गोडवे मी गात नाही, त्याने माणसे मरतात हे मला ठाऊक आहे. पण या गावाचा इतिहास त्याच पिकाने लिहिला आहे. १४ मार्च १९८१ रोजी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. हजारो शेतकरी, बायका-पोरांसह, रस्त्यावरच मुक्काम ठोकून होते. डोक्यावर मार्च-एप्रिलचे ऊन. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी मेले. त्याच गावातल्या तंबाखू कारखान्यांत राबणाऱ्या, संघटित झालेल्या बायकांवर 'युगांतर' या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. आज आमची गाडी त्याच महामार्गावरून शंभरच्या वेगाने गेली आणि मागच्या सीटवर पोरे तंबूतल्या सेल्फी एकमेकांना दाखवत होती. पोरांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही, मीसुद्धा नाही.

निपाणीच्या पुढे उसाचा पट्टा लागतो, वेदगंगा-दूधगंगेच्या पाण्यावरचा. हंगाम ऐन भरात होता. रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोपी उभ्या होत्या. बांबूच्या कामट्या, वर पाचट नाहीतर ताडपत्री, वाकून शिरावे लागेल एवढे दार. धाकट्या पोराने विचारले, "पप्पा, इथेपण ग्लॅम्पिंग आहे?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे खरे तर पुष्कळ होते. मराठीत तंबूला एक धाकटा शब्द आहे, 'पाल'. पालावर राहणारी माणसे म्हणजे भटके, ज्यांना गावाने वेशीच्या आत घेतले नाही ते. बी.ए.ला मराठी घेतलेल्या माझ्यासारख्याने लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) वाचले आहे, म्हणून हा शब्द उच्चारताना अजूनही जीभ थोडी अडखळते. कापडाखाली झोपणे ही मौज कुणाची? ज्याचे घर मागे कुलूप लावून शाबूत उभे आहे त्याची. ज्याला पाठीमागे घरच नाही त्याच्या तंबूचे भाडे कोणी विचारत नाही, त्याला फक्त 'कधी हलणार' एवढेच विचारतात.

आता माझे खरे भांडण. ते तंबूवाल्याशी नाही, आपल्याशी आहे, आपणा गोमंतकीयांशी. दिल्ली-मुंबईचे पैसेवाले आसगावात, मोयऱ्यात जुनी घरे घेतात, गावाला 'सुशेगाद' म्हणून विकतात, गावकऱ्याला आपल्याच विहिरीपाशी परका करतात, म्हणून आपण किती ओरडतो! मीही ओरडतो, याच पानांवर ओरडलो आहे. मग शनिवारी आपण गाडी काढतो, घाट चढतो आणि खानापूर तालुक्याशी अगदी तेच करतो. तिथले रान आपल्याला 'अनटच्ड' दिसते. तिथले गाव दिसतच नाही. आणि गाडीच्या मागच्या काचेवर म्हादई वाचवण्याचा स्टिकर असतो!

तंबूची देखभाल करणारा मुलगा आमच्याशी आधी हिंदीत बोलत होता. मी मराठीत उत्तर दिले तेव्हा तो 'सर'वरून 'काका'वर आला. तंबूच्या मागून एक ओढा वाहत होता. पाणी कुठे जाते, मी विचारले. "गोव्याला, काका. तुमच्याकडंच येतंय की." न्हाणीघरातल्या टबचे सांडपाणी कुठे जाते हे विचारायचे मला धाडस झाले नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादई जलतंटा लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यातल्या थेंबाथेंबाचा हिशेब आपण आजही मांडतो. या टबचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

त्या मुलाचे गाव जंगलात, भीमगड अभयारण्याच्या बाजूला. घराला नवे पत्रे घालायचे तरी विचारावे लागते, असे तो म्हणाला. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. आतल्या गावांत मराठी बोलणारी माणसे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. २०२४ च्या जुलैत आमगावच्या एका आजारी बाईला रस्ता नाही म्हणून गावकऱ्यांनी भर पावसात खांद्यावर वाहून आणले, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना जंगलाबाहेर पडण्यासाठी मदतीचे धनादेश दिले गेले. जावे की राहावे हे त्यांनी ठरवावे, बरे रस्ते, शाळा, दवाखाना त्यांनाही हवाच. पण एकाच सह्याद्रीत एकाला राहण्याबद्दल पैसे मोजावे लागतात आणि दुसऱ्याला निघून जाण्याबद्दल पैसे मिळतात, हे चित्र मला पचत नाही.

"अहो, पण रोजगार मिळतो ना तिथल्या पोरांना!" हे वाक्य मला साडूने गाडीतच ऐकवले. मिळतो, मान्य. टॉवेलचे हंस करण्याचा रोजगार मिळतो. पण जमीन त्यांची राहत नाही, तिथली भाषा मेनूवर येत नाही, चुलीवरची भाकरी येत नाही. आपल्याकडे सत्तरीत मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भाटीवर राहून बघा. कोळंबीत बोंडे तुडवताना, नीरो गळताना, रात्री भट्टीपाशी बसताना पाहुणाही घामाघूम होतो आणि यजमान यजमानच राहतो. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला तो त्या डोंगराच्या नावावर. दारू त्या मातीची, माणूस त्या मातीचा. मग हवे तर त्याला म्हणा काय म्हणायचे ते.

आणि रानात राहण्याचीच हौस असेल तर आपल्याकडे त्याचाही वारसा आहे. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीसाठी गुप्त नभोवाणी केंद्र चालवले, आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलात, ट्रकवर ट्रान्समीटर ठेवून. याच सह्याद्रीने आणि घाटावरच्या याच माणसांनी तेव्हा आपल्या माणसांना आसरा दिला. बेळगावने आपल्या सत्याग्रहींना जेवू घातले. आजही आपली भाजी तिथून येते. त्या आसऱ्याची परतफेड म्हणून आपण त्यांच्या गावाला परक्या देशाचे नाव द्यायचे आणि त्यांच्या पोराशी हिंदीत बोलायचे?

पुढच्या महिन्यात कचेरीची सहल पुन्हा तिथेच ठरते आहे. यादी माझ्या टेबलावरून गेली. मी माझे नाव घातले नाही, त्याऐवजी जांबोटीजवळच्या एखाद्या गावात, कुणाच्या घरी भाड्याने राहता येईल का, अशी चौकशी त्या मुलाकडे फोनवरून केली आहे. तो म्हणाला, "काका, विचारून सांगतो. पण आमच्याकडं एसी नाय हां."