साउंडच्या कोटेशनवर सही करण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या सगळ्या दुर्गोत्सव मंडळांना, बचत करून टीव्ही घ्यायला निघालेल्या कुटुंबांना आणि शाळेसाठी लोकवर्गणी गोळा करणाऱ्या समित्यांना ही कळकळीची विनंती आहे.

घटस्थापना तोंडावर आली आहे. यवतमाळात, वणीत, पुसदला, दारव्हा-दिग्रसला, उमरखेडला मंडळांच्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालल्या आहेत. मूर्ती ठरली, मंडप ठरला, आता साउंड आणि एलईडी वॉल. त्या कोटेशनमध्ये खाली कुठंतरी एक ओळ सापडते: 'इम्पोर्टेड केबल, गोल्ड प्लेटेड'. पुढचा आकडा पाहून खजिनदार दचकतो, पण आवाजाची क्वालिटी म्हटल्यावर गप्प बसतो. या ओळीवर गप्प बसू नका. कोलकात्याखालोखाल आपलाच दुर्गोत्सव, असं आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. त्या उत्सवाची वर्गणी हातगाडीवाल्यापासून अडत्यापर्यंत सगळ्यांच्या खिशातून येते. ती केबलच्या चकाकीवर घालवायची नाही.

आधी स्पीकरच्या वायरीचं बघू. तिथं महत्त्वाच्या गोष्टी तीनच: तांबं खरं आहे का, जाडी किती आणि लांबी किती. हिशेब दहावीच्या विज्ञानाचा आहे. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या शंभर मीटर तारेचा रोध साधारण 1.8 ओहम भरतो. स्टेजपासून पन्नास मीटरवर बॉक्स ठेवला तर जाणारी-येणारी मिळून तार शंभर मीटर होते. बॉक्स आठ ओहमचा असेल तर त्याच्यापर्यंत पोचणारी ताकद जवळजवळ एक तृतीयांशानं घटते. दोन बॉक्स समांतर जोडून चार ओहम केले तर निम्म्याहून जास्त घटते. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घेतली की आठ ओहमच्या बॉक्सची घट दहा टक्क्यांच्या आसपास येते. वायरीवर कुठल्या देशाचं नाव छापलंय, याला या हिशेबात जागाच नाही. (घट एक तृतीयांश असली तरी कानाला ती तेवढी मोठी वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कान फार उदार असतो, आणि त्याच्या उदारपणावरच हा धंदा चालतो.)

चौकाचौकात भोंगे लावायचे असतील तर जुने साउंडवाले शंभर व्होल्टची लाइन टाकतात. व्होल्टेज वाढवलं की करंट कमी होतो, त्यामुळं लांबवर साधी वायरही चालते. असा अनुभवी माणूस गावात असेल तर त्याचं ऐका. कॅटलॉग घेऊन आलेल्या पोऱ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

सोन्याच्या मुलाम्याचंही ऐकून घ्या. सोनं गंजत नाही, त्यामुळं वारंवार काढ-घाल होणाऱ्या पिनेवर त्याचा पातळ थर बरा. पण वीज वाहून नेण्यात सोनं तांब्याच्या मागंच आहे. तांब्याच्या पुढं फक्त चांदी, तीही पाच-सहा टक्क्यांनी. तेवढा फायदा वायर किंचित जाड घेतली की फुकटात मिळतो.

2007 साली अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगारानं, आपल्याकडं अंनिसवाले बुवाबाजांना देतात तसलंच आव्हान या महागड्या केबलवाल्यांना दिलं होतं. बारा फुटी स्पीकर केबलच्या एका जोडीची किंमत 7,250 डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दरानं तीन लाखांच्या घरात. ही केबल साध्या केबलहून वेगळी वाजते हे नुसत्या कानानं ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा, असं ते आव्हान. एक समीक्षक पुढं आला, पण केबल बनवणाऱ्या कंपनीनं अंग काढून घेतलं आणि परीक्षा झालीच नाही. न झालेल्या परीक्षेवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण स्वतःच्या मालावर विश्वास असलेला माणूस अशी संधी सोडत नाही.

ती परीक्षा आपल्या मंडळात एका संध्याकाळी घेता येईल. दोन वायरी पडद्यामागं ठेवा. कोणती जोडली आहे हे एकालाच ठाऊक असू द्या, आणि त्यानं नाणं उडवून वायर बदलत राहावं. लांबी, जाडी आणि आवाजाची पातळी दोन्हीकडं सारखी ठेवा. केबल विकणाऱ्यालाच खुर्चीवर बसवा आणि वीस वेळा विचारा. दहा-अकरा उत्तरं बरोबर आली तर तो अंदाज झाला.

एचडीएमआयचं तर याहून सोपं आहे. त्या तारेतून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. मनीऑर्डर पोस्टमननं चांदीच्या पेटीत आणली म्हणून शंभराचे सव्वाशे होत नाहीत, तसंच हे. केबल कमी पडली तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र तुटतं किंवा पडदा काळा होतो. आकडे धड पोचत असतील तर महाग केबलनं रंग गडद होत नाहीत की साडीच्या काठावरची जर जास्त उठून दिसत नाही. पहिल्या वेच्याचा कापूस विकून दिवाळीला टीव्ही घेणाऱ्या माणसाला दुकानात 'फोरकेसाठी हीच लागते' म्हणून हजारोंची केबल गळ्यात मारली जाते. घरातल्या दीड-दोन मीटरला काही शे रुपयांची पुरते. फोरकेला पाकिटावर 'प्रीमियम हायस्पीड', त्याहून वरच्या कामाला 'अल्ट्रा हायस्पीड' हे प्रमाणपत्राचं लेबल बघा. त्यावरचा कोड मोबाइलनं तपासता येतो.

पैसे टाकावेत अशाही जागा आहेत. शाळेच्या सभागृहात प्रोजेक्टर पंधरा-वीस मीटरवर असेल तर साधी एचडीएमआय दगा देते. तिथं फायबरची घ्या, ती महागच असते. माइकची वायर लांब असेल तर बॅलन्स्ड, चांगल्या जाळीची आणि मजबूत पिनेची हवी, नाहीतर भजनाच्या मध्येच घरघर सुरू होते. मंडपातली वायर शेकडो लोक तुडवतात, वर्षाकाठी दहादा गुंडाळतात, म्हणून वरचं रबर दणकट हवं. एलईडी वॉलच्या नेटवर्क केबलला शंभर मीटरची मर्यादा आहे, ती ओलांडू नका.

सगळ्यात जास्त जपायचं ते खोट्या तांब्यापासून. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली वायर सर्रास तांब्याची म्हणून खपवतात. ब्लेडनं एक तार खरवडा: आत पांढरं निघालं तर माल परत करा. वरून पांढरी दिसणारी पण आत लाल निघणारी तार कल्हई केलेली असते, ती चालते. स्पीकरला खोटी वायर लावली तर फक्त आवाज पडेल. तीच हॅलोजनच्या आणि जनरेटरच्या लाइनला लावली तर तापेल, सांधा ढिला होईल, आणि वर कापडाचा मंडप असतो.

म्हणून केबलवर वाचलेला पैसा इथं वळवा. महावितरणकडून रीतसर तात्पुरती जोडणी घ्या, आकडा टाकू नका. विजेची वायर आयएसआय शिक्क्याची घ्या. लोखंडी पाइपच्या सांगाड्याला आणि साउंडच्या रॅकला नीट अर्थिंग करा. मुख्य बोर्डावर तीस मिलिॲम्पिअरवर पडणारी आरसीसीबी बसवा. नवरात्रात परतीचा पाऊस हमखास येतो, आणि ओल्या पायानं पाइप धरणारी पोरं आपलीच असतात.

साउंडवाल्या मित्रांनो, हे तुमच्या पोटावर मारण्यासाठी लिहिलेलं नाही. कोटेशनमध्ये वायरीची जाडी, मीटर आणि धातू स्पष्ट लिहा. मेहनतीचे आणि अनुभवाचे पैसे वेगळे मागा. ते द्यायला मंडळांनी काचकूच करू नये.

खरेदीचं पक्कं बिल घ्या आणि तांब्याची वायर असेल तर बिलावर 'तांबं' हा शब्द लिहून घ्या. माल खोटा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडं करायला फी लागत नाही. विजेचा धोका दिसला तर महावितरणचा 1912. हे दोन्ही नंबर आजच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत लिहा, मंडपाच्या बोर्डाशेजारी चिकटवा, आणि कोटेशनवरची ती ओळ खजिनदाराच्या हातानं खोडून मगच सही करा.