जाळण्यासाठींच घडविलेली कला

टिकाऊपणा हा वस्तूचा मोठा गुण होय, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. भांडें घ्यावें तें नातवंडांस पुरेल असें, घर बांधावें तें चार पिढ्या उभें राहील असें, ही आपली व्यवहारनीति. मग जी कलाकृति चार दिवसांत नाहींशी व्हावयाची, तिच्यापायीं वर्षभर श्रम करणें व पैसा ओतणें ही निव्वळ उधळपट्टी नव्हे काय, असा प्रश्न कोणीही सुज्ञ मनुष्य विचारील. प्रस्तुत लेखकाचें मत निराळें आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ स्पेन देशांतील व्हॅलेन्सिया शहराचें उदाहरण वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

या शहरांत दरवर्षीं मार्च महिन्यांत ‘फायास’ नांवाचा उत्सव होतो. आपल्या शिमग्याची सहज आठवण व्हावी असाच तो आहे. सुतारांचे आश्रयदाते संत योसेफ यांच्या सणाच्या आदल्या दिवशीं सुतार लोक दिवे टांगण्याचे जुने लांकडी खांब व ढलप्या जाळीत, त्यांतून हा उत्सव निघाला असें परंपरा सांगते. आज निरनिराळ्या वस्त्यांतील जवळजवळ ४०० मंडळ्या आपापल्या चौकांत शिल्पें उभीं करितात. कांहीं तर २० मीटरांहूनही उंच असतात. त्यांत राजकारणी पुरुषांची व समाजांतील ढोंगाची मनमुराद थट्टा केलेली असते. १५ मार्चच्या सुमारास तीं उभीं राहतात आणि १९ मार्चच्या रात्रीं त्यांस अग्नि दिला जातो. २०१६ सालीं युनेस्कोनें या उत्सवाची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत नोंद केली.

हें काम पोरखेळ नव्हे. आंतील लांकडी सांगाड्यानें सारा भार व वाराही सोसला पाहिजे. रस्ते अरुंद, घरें लगत. तेव्हां शिल्प उभारतांनाच तें कसें जळेल व कोणीकडे कोसळेल याचाही विचार करावा लागतो. दहनाच्या वेळीं बंबवाले शेजारच्या भिंतींवर पाण्याचा मारा करीत उभे असतात. जें टिकवावयाचें नाहीं त्यासाठींही केवढी ही दक्षता!

आतां खर्चाचा आक्षेप घेऊं. शिल्प जळतें, पण पैसा जळत नाहीं. वस्तींतील लोकांनीं वर्षभर दिलेली वर्गणी सुतार, मूर्तिकार व रंगारी यांच्या घरीं मजुरीच्या रूपानें पोंचते. शिवाय नव्या वर्षीं नवें शिल्प हवें असतें, म्हणून बापाची विद्या मुलाच्या हातीं येते. शिल्पें कायम राहतीं, तर चौक एकदांच भरले असते व कारागीर कायमचे रिकामे बसले असते. त्या लोकांस कलेचें मोल कळत नाहीं असेंही नाहीं. लोकमतानें निवडलेली एखादी आकृति अग्नीपासून वांचवून संग्रहालयांत ठेवण्याचा प्रघात तेथें १९३४ पासून आहे. तरीही २०२० सालीं महामारीमुळें उत्सव रहित झाला, तेव्हां तयार शिल्पें सांभाळून ठेविलीं गेलीं आणि २०२१ च्या सप्टेंबरांत पुन्हां उभारून त्यांचें दहन झालें. दहनावांचून काम पुरें झालें असें त्यांस वाटलेंच नाहीं.

मात्र एक आक्षेप खरा आहे. पूर्वीं हीं शिल्पें लांकूड, कापड, मेण व कागदाचा लगदा यांचीं होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, ज्यास आपण थर्माकोल म्हणतों, तो पदार्थ आला. तो हलका व कापावयास सोपा, म्हणून शिल्पें वाढलीं. पण जळतांना त्यांचा काळाकुट्ट धूर शहरभर पसरूं लागला. यामुळें कांहीं कलावंत पुन्हां लांकडाच्या पातळ पट्ट्यांकडे वळले आहेत. येथें दोष क्षणभंगुरतेचा नसून, जो पदार्थ नीट नाहींसा होत नाहीं त्याचा आहे. नश्वर कलेस नश्वरच साहित्य शोभतें.

हा न्याय आपल्या गणेशोत्सवांतील आराशीसही तंतोतंत लागू पडतो. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हां उत्सवापुरती सूट मागणाऱ्यांस मुंबई उच्च न्यायालयानें नकार दिला. पुष्कळांस तो निर्णय जाचक वाटला. आम्हांस तो कलेच्या हिताचाच वाटतो. बांबू, सुतळी, कागद व कापड हातीं घेतलें कीं, विकत आणलेली नक्षी चिकटविण्याऐवजीं स्वतः कांहीं घडवावें लागतें.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपणही स्नेहसंमेलनासाठीं मंडप शृंगारतां, कमानी उभारतां. त्या चार दिवसांच्याच असोत. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पण आरंभींच तीन प्रश्न स्वतःस विचारा: ही कोणाच्या हातांनीं घडणार? कशाची घडणार? आणि उत्सव संपल्यावर दुसऱ्या दिवशीं ती कोठें जाणार? या तिहींचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर खुशाल मोठी कमान बांधा आणि वेळ येतांच ती आनंदानें उतरवा.