व्यवसायाचा नियम कोडमध्ये दिसलाच पाहिजे

22 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत भाडे असलेल्या हॉटेलच्या खोलीवर आदल्या दिवसापर्यंत 12 टक्के कर होता, तो 5 टक्के झाला. वरवर पाहता प्रोग्रामरचे काम एका आकड्याचे होते. टेबलात 12 खोडून 5 लिहायचे.

पण एखाद्या कंपनीचे पाहुणे 18 सप्टेंबरला महाबळेश्वरला राहून गेले, बिल 24 तारखेला निघाले आणि पैसे ऑक्टोबरमध्ये आले, तर कर किती? 5 टक्के. तेच बिल 20 तारखेला निघाले असते, तर 12. ऑगस्टमध्येच बिल फाडून पैसे घेतले आणि मुक्काम दिवाळीत झाला, तर 12. पैसे ऑगस्टमध्ये घेतले पण बिल मुक्कामानंतर केले, तर 5. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 14 मध्ये हा नियम आहे. सेवा, बिल आणि पैसे या तीन घटनांपैकी ज्या बाजूला दोन पडतील, त्या बाजूचा दर लागतो. त्यातही पैसे मिळाल्याची तारीख म्हणजे वहीत नोंद झाल्याची की बँकेत जमा झाल्याची, हे कायदा वेगळे सांगतो.

आता हा नियम सॉफ्टवेअरमध्ये नेमका कुठे लिहिलेला असतो, ते पाहावे. बिलाच्या स्क्रीनमागे त्याचा एक तुकडा असतो. क्रेडिट नोटच्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये दुसरा, आणि रिटर्नच्या रिपोर्टमध्ये कुणीतरी घाईत घातलेला तिसरा. तिन्ही ठिकाणी तारखांची तुलना आहे, पण ‘तिनांपैकी दोन’ ही गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. कर सल्लागाराने कोड समोर बसून वाचून घेतला, तरी त्याला आपला कायदा त्यात ओळखू येणार नाही.

एरिक इव्हान्स यांनी 2003 मध्ये ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ हे पुस्तक लिहिले ते या दुखण्यावर. ज्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर बनवायचे, त्या व्यवसायाच्या संकल्पना कोडच्या केंद्रस्थानी असाव्यात, जाणकार आणि प्रोग्रामर यांची भाषा एकच असावी आणि तीच कोडमध्ये उतरावी, असे त्यांचे म्हणणे. या विचाराला आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आजही तीन आक्षेप हमखास ऐकू येतात.

पहिला आक्षेप असा की, व्यावसायिक सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी माहिती घेणे, साठवणे आणि दाखवणे. चार टेबले आणि चार फॉर्म असले की झाले, ऑब्जेक्ट मॉडेलचा पसारा कशाला? यात तथ्य नाही असे नाही. ग्राहकांची यादी, पत्त्यांची नोंद, सुट्ट्यांचे कॅलेंडर यांना मॉडेलची गरज नसते. मार्टिन फाउलर यांनी 2002 च्या आपल्या पुस्तकात एका व्यवहारासाठी एक सरळ प्रोसिजर लिहिण्याची पद्धत रीतसर नोंदवली आहे आणि साध्या कामासाठी ती योग्यही ठरवली आहे. पण कलम 14 हे साधे काम नाही. टेबलात तीन तारखा ठेवता येतात. त्या तारखांचा एकमेकींशी काय संबंध, हे टेबल सांगत नाही. तो संबंध कुठेतरी लिहावाच लागतो. एका जागी नाही लिहिला, तर तो दहा जागी पसरतो, आणि दर बदलला की त्या दहा जागा शोधत रात्री काढाव्या लागतात.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. ऑब्जेक्ट आणि फ्रेमवर्क यांच्या नावाने उद्योगाने भरपूर सोसले, हे खरेच. 1998 मध्ये आलेल्या एंटरप्राइझ जावाबीन्सने व्यावसायिक ऑब्जेक्ट सर्व्हरवर नांदतील असे वचन दिले. प्रत्यक्षात एक साधे ‘बिल’ लिहायला प्रोग्रामरला दोन इंटरफेस, एक क्लास आणि वर एक्सएमएलची लांबलचक फाइल लिहावी लागे. सर्व्हर चालू केल्याशिवाय त्या बिलाची साधी चाचणीही घेता येत नसे. अनेकांनी तेव्हापासून ऑब्जेक्टचे नाव घेणे सोडले.

मात्र या अनुभवावरून ऑब्जेक्ट पद्धतीलाच दोषी धरणे चुकीचे आहे. व्यवसायाचा ऑब्जेक्ट फ्रेमवर्कच्या दावणीला बांधला गेला, हा दोष होता. फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्येच साध्या जावा ऑब्जेक्टला ‘पोजो’ हे नाव दिले, कारण साध्या गोष्टीला भारदस्त नाव नसल्यामुळे लोक ती वापरत नाहीत, असे त्यांच्या लक्षात आले. रॉड जॉन्सन यांनी 2002 च्या पुस्तकात जे सुचवले त्यातून स्प्रिंग उभे राहिले. गॅव्हिन किंग यांच्या हायबरनेटने ऑब्जेक्टची टेबलाशी सांगड घातली. या दोन्ही फ्रेमवर्कच्या यशाचे मूळ एकाच गोष्टीत आहे. व्यवसायाच्या क्लासला फ्रेमवर्क माहीत असण्याची फारशी गरज त्यांनी ठेवली नाही. फ्रेमवर्क चाकर, व्यवसाय मालक, हा क्रम त्यांनी लावून दिला.

हा क्रम शेवटपर्यंत ताणून पाहणारे एक उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. रिचर्ड पॉसन यांनी ‘नेकेड ऑब्जेक्ट्स’ ही पद्धत मांडली आणि 2004 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यावर प्रबंध लिहिला. प्रोग्रामरने फक्त व्यवसायाचे ऑब्जेक्ट लिहायचे. स्क्रीन फ्रेमवर्क स्वतः तयार करते. आयर्लंडच्या समाजकल्याण खात्याने बालभत्त्याचे काम या पद्धतीने उभे केले आणि पुढे निवृत्तिवेतनासाठीही ती वापरली. खात्याच्या अधिकाऱ्याला पडद्यावर दिसतो तो थेट ‘लाभार्थी’, थेट ‘दावा’, आणि त्यावर करता येणाऱ्या कृती. मॉडेल चुकले असेल तर ते पहिल्याच दिवशी उघडे पडते. सुबक पडद्यामागे लपायला त्याला जागाच नसते. याच विचारातले अपाची आयसिस, आताचे अपाची कॉजवे, कुणालाही मोफत वापरता येते.

तिसरा आक्षेप वेळेचा. “हे सगळे मोठ्या कंपन्यांना ठीक, आम्हाला मार्चएंडला डिलिव्हरी द्यायची आहे.” या म्हणण्याला उत्तर महाराष्ट्रातच सापडते. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, दोन टप्प्यांत देण्याचा शासन निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये काढला. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. साखर कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘देय रक्कम’ हा स्वतंत्र ऑब्जेक्ट असेल, उतारा, टनेज, तोडणी-वाहतूक आणि हप्ते यांचा हिशेब त्याच्याच पोटात असेल, तर असा निकाल एका जागी बसवता येतो. तोच हिशेब बँक याद्या, पावत्या आणि शेतकी खात्याच्या रिपोर्टांत विखुरलेला असेल, तर 14 दिवसांत पैसे द्या आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्या, असे सांगणारा 1966 चा ऊस नियंत्रण आदेश प्रोग्रामरची वाट पाहत थांबत नाही.

कारखान्यात आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. शेअर विभागासाठी शेतकरी म्हणजे सभासद: त्याचा भाग आणि मताचा हक्क. शेतकी विभागासाठी तो म्हणजे ऊसनोंद: गट नंबर, लागणीची तारीख, को-86032 की दुसरी जात. लेखा विभागासाठी तो बँक खाते आणि कपाती. या तिघांना मिळून एकच ‘शेतकरी’ टेबल केले की ते ऐंशी रकान्यांचे होते आणि कुणाचेच धड राहत नाही. प्रत्येक विभागाचे मॉडेल वेगळे ठेवावे आणि त्यांच्या सीमेवर देवाणघेवाण स्पष्ट लिहावी, ही इव्हान्स यांची सूचना इथे पुस्तकी राहत नाही.

अर्थात, या विचाराचे काही अनुयायीच त्याचे मोठे नुकसान करतात. रिपॉझिटरी, फॅक्टरी, सर्व्हिस अशा नावांचे फोल्डर उभे राहतात आणि ‘बिल’ या क्लासमध्ये मात्र गेट आणि सेटशिवाय काही नसते. फाउलर यांनी 2003 मध्येच अशा मॉडेलला रक्तक्षयी म्हटले होते. जाणकाराशी एकही बैठक न करता केलेली ही फोल्डरांची मांडणी म्हणजे डोमेन-ड्रिव्हन डिझाइन नव्हे, आणि तिच्या अपयशाचे खापर त्या पद्धतीवर फोडता येत नाही.

मग करायचे काय? कलम 14 साठी एक छोटा क्लास पुरतो. त्याला सेवेची, बिलाची, पैशांची आणि दरबदलाची अशा चार तारखा द्याव्यात. त्याने जुना की नवा एवढेच सांगावे. बिल, क्रेडिट नोट आणि रिटर्न या तिघांनीही त्यालाच विचारावे. कायद्यात सहा प्रकार लिहिले आहेत, म्हणून सहा टेस्ट लिहाव्यात आणि प्रत्येकीचे नाव कायद्याच्या शब्दांत असावे. आपल्या प्रॉडक्टमध्ये हा नियम आज किती फायलींत पसरला आहे, हे ज्या टीमला सांगता येत नाही, त्या टीमने पुढच्या दरबदलाची वाट न पाहता या आठवड्यातच कर सल्लागाराला दोन तास बोलवावे आणि त्या सहा टेस्ट त्याच्यासमोर लिहून घ्याव्यात.