जाहीर आवाहन : मोटारीचा व्यवहार तोंडी नको, लेखी हवा

मोटारीची डीलरशिप म्हणजे एका छपराखालचे दोन धंदे : पुढे काचेच्या दालनात विक्री, मागे शेडमध्ये दुरुस्ती. विक्रीशी ग्राहकाचा संबंध काही आठवड्यांचा, दुरुस्तीशी मात्र मोटार असेपर्यंतचा. दोन्हीकडे नाराजी निर्माण होते तेव्हा मूळ बहुधा एकच निघते. सेल्समनने कबूल केलेली सवलत, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने सांगितलेला अंदाजे खर्च, 'हे वॉरंटीत बसेल' हा दिलासा, हे सगळे तोंडी असते आणि बिल मात्र छापील असते. म्हणून मोटार घेणाऱ्या आणि दुरुस्तीला देणाऱ्या सर्व नागरिकांना आवाहन करण्यात येते की, या व्यवहाराचा प्रत्येक टप्पा त्यांनी लेखी करून घ्यावा, कागद जपावेत आणि वाद झाल्यास त्या कागदांच्या आधारे दाद मागावी.

बुकिंग आणि किंमत

बुकिंगच्या पावतीवर केवळ रक्कम असणे पुरेसे नाही. मॉडेल, व्हेरियंट, रंग, उत्पादनाचे वर्ष, ताबा मिळण्याची अपेक्षित तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, एवढ्या गोष्टी त्यावर नोंदवून घ्याव्यात. सवलतीऐवजी अ‍ॅक्सेसरीज देऊ केल्या असतील, तर त्यांची नावानिशी यादी मागावी.

'ऑन-रोड' किंमत एका आकड्यात न स्वीकारता तिची फोड घ्यावी. तिच्यात एक्स-शोरूम किंमत, वाहनकर, नोंदणीचे शुल्क आणि विमा हे मुख्य भाग असतात. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के कर एकरकमी भरावा लागतो. डिझेलला तो जास्त असतो. मोटारीची किंमत १० लाखांच्या वर असेल, तर १ टक्का टीसीएस घेतला जातो. तो विक्रेत्याचा नफा नसून ग्राहकाच्या नावे भरलेला आयकर आहे. विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स' या नावाने वेगळी रक्कम मागितली गेल्यास ती नेमकी कशाची, हे लेखी विचारावे. पावती मिळणार नसेल, तर ती रक्कम देऊ नये.

नव्या खासगी मोटारीला तृतीय पक्षाचा विमा ३ वर्षांसाठी एकदम घेणे १ सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा कोणत्या कंपनीचा घ्यायचा, हे मात्र ग्राहकाने ठरवायचे असते. डीलर सुचवू शकतो, सक्ती करू शकत नाही. बाहेरून दोन-तीन कंपन्यांचे दर मागवून मगच निर्णय घ्यावा.

ताबा घेताना

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीतला पाडवा या मुहूर्तांना शोरूममध्ये रांग लागते. हार, नारळ, पेढे आणि फोटो यांच्या गडबडीत मोटार नीट पाहायची राहून जाते. म्हणून पूजा मुहूर्तावर व्हावी, पण तपासणी त्याआधी दोन-तीन दिवस, यार्डात आणि दिवसाच्या उजेडात व्हावी.

या तपासणीत मोटारीवरचा १७ अक्षरी चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. डीलरने द्यायच्या विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते; ते वाचावे. किलोमीटरचा आकडा, टायर, काचा, रंगातला फरक, दारांच्या फटी आणि मोटारीचा खालचा भाग पाहावा. दोष दिसल्यास फोटो काढावा आणि तो दूर झाल्याशिवाय ताबा घेतल्याची सही करू नये.

ही सावधगिरी अनाठायी नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ सालची नवी म्हणून पैसे मोजलेली मोटार २००९ साली तयार झालेली आणि ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डीलर आणि उत्पादक यांचे नाते मालक आणि हस्तकाचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे. उत्पादकाला माहीत नसलेल्या डीलरच्या कृत्याबद्दल त्याला जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली. बोनेटवर मोठ्या कंपनीचे चिन्ह असले, तरी विक्रीच्या टेबलावर दिलेल्या शब्दाला आधी डीलरच बांधील असतो, हा त्याचा अर्थ. म्हणून तो शब्द डीलरच्याच लेटरहेडवर किंवा ईमेलवर घ्यावा.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नव्या मोटारीवर नोंदणी क्रमांक लागल्याशिवाय डीलरने ती ग्राहकाच्या हाती द्यायची नसते. 'नंबर नंतर येईल, आज घेऊन जा' ही मुहूर्ताची सोय ग्राहकाने मागू नये आणि स्वीकारूही नये.

सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती

वर्कशॉपमधला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे जॉब कार्ड. 'जनरल चेकअप' या शब्दांवर सही करू नये. 'थंड इंजिनाला पहिली पाच मिनिटे खडखड', 'साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते' अशी तक्रार जशी जाणवते तशी लिहून घ्यावी. किलोमीटर, इंधनाची पातळी, अंगावरचे ओरखडे, अंदाजे खर्च आणि मोटार मिळण्याची वेळही त्यावर असावी. अंदाजाबाहेरचे काम निघाल्यास आधी विचारावे, अशी ओळ ग्राहकाने स्वतःच्या हाताने लिहावी.

कोणत्या किलोमीटरला काय बदलायचे, याचा तक्ता मोटारीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो. इंजिन डिकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग अशी कामे सुचवली गेली, तर ती या तक्त्यात आहेत का ते पाहावे. नसतील तर गरज का पडली, हे विचारावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. वॉरंटीत बदललेले भाग सहसा कंपनीकडे जातात, ते निदान पाहून घ्यावेत. एकच दोष पुन्हा उद्भवला, तर दर वेळी नवे जॉब कार्ड करून घ्यावे. उत्पादनातच दोष आहे, हे सिद्ध करताना पुढे याच कार्डांची रांग कामी येते.

अपघाती दुरुस्तीत 'कॅशलेस' म्हणजे फुकट नव्हे. साध्या पॉलिसीत रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के घसारा कापला जातो. काचेवर तो नसतो. आपल्या वाट्याला येणारी रक्कम काम सुरू होण्यापूर्वी लेखी घ्यावी.

बाहेरच्या गॅरेजात गेल्यास वॉरंटी रद्द होईल, ही भीतीही तपासून पाहावी. सुट्या भागांचा बाजार बंदिस्त ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असेही त्या आदेशात होते. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. त्यामुळे वॉरंटीचा अर्ज नाकारला गेल्यास कोणत्या अटीखाली, हे लेखी मागणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

दाद मागताना

तक्रार आधी सर्व्हिस मॅनेजरकडे, मग डीलरच्या मालकाकडे आणि त्यानंतर उत्पादकाच्या ग्राहक विभागाकडे ईमेलने द्यावी. तारीख, जॉब कार्डचा क्रमांक आणि नेमकी मागणी (दुरुस्ती, भाग बदलून देणे की पैसे परत) एवढेच लिहावे, राग वगळावा. त्याने भागले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार तिथे चालते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडेही ती करता येते, त्यामुळे पुण्यात घेतलेल्या मोटारीसाठी लातूरच्या रहिवाशाला पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. वकील बंधनकारक नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतो.

चांगले काम करणाऱ्या वर्कशॉपचा अनुभवही नागरिकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगावा, पण 'मस्त' किंवा 'लुटारू' एवढ्यावर थांबू नये. अंदाज किती होता, बिल किती झाले आणि मोटार किती दिवसांनी मिळाली, हे सांगावे. बुकिंगची पावती, फॉर्म २१, विमा, सर्व जॉब कार्ड आणि बिले एका फाइलमध्ये ठेवावीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून आयोगाकडे जाण्याची मुदत २ वर्षांची आहे.