विश्लेषण : सॉफ्टवेअर समुदायाला गप्पांचा वेगळा कट्टा कशासाठी?

मुक्त सॉफ्टवेअर घडवणारे आणि वापरणारे लोक एकमेकांना बहुतेकदा पडद्यावरच भेटतात. मदतीच्या अधिकृत चॅट वाहिनीशेजारी गप्पांसाठी एखादी अनधिकृत वाहिनी उघडण्याची प्रथा जुनी आहे. ती सुरू करणे दोन मिनिटांचे काम. पण तिच्यामुळे समुदायात फूट पडणार नाही, हे पाहणे अवघड.

कबनूरला त्याचे काय?

इचलकरंजीला लागून असलेले कबनूर यंत्रमागाच्या पट्ट्यातले. अभियांत्रिकी शिक्षणाची सोय शेजारी इचलकरंजीत आहे. पण मुक्त सॉफ्टवेअरच्या भेटीगाठी प्रामुख्याने पुणे, मुंबई, बंगळूरुत होतात. पुणेच दोनशे किलोमीटरहून दूर. त्यामुळे येथील विद्यार्थ्याचा समुदायाशी संबंध येतो तो चॅटमधूनच. अधिकृत वाहिनीवर प्रश्न नेमका हवा, तोही बहुधा इंग्रजीत. नवखा तिथे बिचकतो. कट्ट्यावर मराठीत विचारता येते, ओळख होते. ओळख झाली की भाषांतर, चाचणी, चुका दुरुस्त करणे अशी कामे अंगावर घ्यायला धीर येतो.

ही प्रथा आली कुठून?

यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात आयआरसी ही चॅट प्रणाली तयार केली. पुढे ‘फ्रीनोड’ या जाळ्यावर संकेत रूढ झाला : नावाआधी एक # असेल तर वाहिनी प्रकल्पाची अधिकृत, दोन ## असतील तर अनधिकृत. उबुंटू, डेबियन यांच्या मदत वाहिन्यांशेजारी ‘ऑफटॉपिक’ वाहिन्या उभ्या राहिल्या. मराठी विकिपीडियाच्या चर्चापानाचे नाव ‘चावडी’ आहे. गावाचा कारभार चावडीवर, गप्पा पारावर. हा फरक आपल्याकडे नवा नाही.

अनधिकृत म्हणजे नियम नाहीत?

तसे नाही. उबुंटूची आचारसंहिता तिच्या गप्पांच्या वाहिनीलाही लागू असते. खरा धोका वेगळा आहे. चार जुनी मंडळी गप्पांतच एखादा तांत्रिक निर्णय उरकतात आणि जो त्या रात्री हजर नव्हता त्याला तो नंतर कळतो. कट्टा मग दरबार होतो. म्हणून चर्चा कुठेही होवो. निर्णय आणि त्यामागची कारणे अधिकृत जागी नोंदली गेली पाहिजेत.

चावी कोणाकडे?

हा प्रश्न २०२१ मध्ये ऐरणीवर आला. फ्रीनोडच्या मालकीवरून वाद झाला आणि १९ मे रोजी तेथील स्वयंसेवकांनी बाहेर पडून ‘लिबेरा चॅट’ सुरू केले. आठवडाभरात, शीर्षकात लिबेराचा उल्लेख असलेल्या शेकडो वाहिन्या फ्रीनोडच्या व्यवस्थापनाने ताब्यात घेतल्या. वर्षानुवर्षे जमलेली माणसे विखुरली. वाहिनीचे अधिकार एकाच व्यक्तीच्या खात्यावर असतील तर लहान गटावरही हीच वेळ येऊ शकते.

ॲप कोणते निवडावे?

व्हॉट्सॲप सर्वांकडे आहे. पण गटात मोबाइल क्रमांक सहसा इतरांना दिसतो. अनोळखी गटात शिरताना मुलींना तो अडसर ठरतो. स्लॅकच्या मोफत योजनेत २०२२ पासून ९० दिवसांपूर्वीचे संदेश पाहता येत नाहीत. ‘मॅट्रिक्स’ प्रणालीत स्वतःचा सर्व्हर चालवता येतो. मोझिलाने २०२० मध्ये आयआरसी सोडून तीच स्वीकारली. मात्र मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून रोखलेल्या १४ ॲपमध्ये मॅट्रिक्सचे ‘एलिमेंट’ही होते. निर्दोष पर्याय नाही. म्हणून सदस्यांना गाठण्याचा दुसरा मार्ग आधीच ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

सुरुवात कशी करावी?

नावातच ‘अनधिकृत’ असे स्पष्ट लिहावे. प्रकल्पाच्या संचालकांना कल्पना द्यावी. किमान दोघांकडे व्यवस्थापनाचे अधिकार असावेत. त्रास झाला तर तक्रार कोणाकडे करायची, हे वर ठळक असावे. अडलेल्या प्रश्नाचे उत्तर कट्ट्यावर सापडले तर ते अधिकृत जागी नेऊन ठेवावे. नाहीतर तोच प्रश्न उद्या दुसऱ्याला अडेल आणि उत्तर गप्पांच्या ढिगाऱ्यात पडून राहील.