पैसा सापडत नाही, पक्षपात दिसतो
जिल्हा पानावरील राजकीय झुकावाला कायद्याची वेसण का बसत नाही?

बुलढाणा, प्रतिनिधी : नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघातून शिवसेनेचे संजय गायकवाड विजयी झाले, ते अवघ्या ८४१ मतांनी. ठाकरे गटाच्या जयश्री शेळके यांचा त्यांनी पराभव केला. हा निकाल बातम्यांमुळे लागला, असे कोणी म्हणणार नाही. मात्र लढत एवढी निसटती असते तेव्हा कोणाची सभा चार कॉलमांत आणि कोणाची 'थोडक्यात'मध्ये, हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

या प्रश्नाची राज्यातील सर्वांत गाजलेली चौकशी २००९ च्या निवडणुकीची. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकरमधून उभे होते. त्यांचे गुणगान करणारी पानेच्या पाने मराठी दैनिकांत झळकली. 'द हिंदू'मध्ये पी. साईनाथ यांनी अशी ४७ पाने मोजली. परस्परांचे स्पर्धक असलेल्या दैनिकांत एकच मजकूर जवळपास शब्दशः आला होता. चव्हाणांच्या खर्चपत्रकात वृत्तपत्रीय जाहिरातींपुढे रक्कम होती ५,३७९ रुपये. निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये त्यांचा हिशेब सदोष ठरविला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

दरम्यान, प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने ७१ पानांचा अहवाल २०१० मध्ये सादर केला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती. कौन्सिलने प्रसिद्ध केला तो नावे गाळलेला त्रोटक अहवाल! मूळ अहवाल खुला होण्यासाठी केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला.

या प्रकरणातील खरी गोम पैशांत नाही. 'आम्ही पैसे दिले नाहीत, वृत्तपत्रांनी स्वेच्छेने छापले' असा बचाव उमेदवाराला नेहमीच उपलब्ध असतो आणि रोखीच्या व्यवहाराची पावती नसल्याने तो खोडून काढणे कठीण. पण हा बचाव खरा मानला तर उरतो तो निखळ पक्षपात. त्याला कायद्यात गुन्हा म्हणत नाहीत. विचाराने एखाद्या पक्षाजवळ असण्याचा वृत्तपत्राला अधिकार आहेच. 'सामना' कोणाचा, हे वाचकाला विचारावे लागत नाही. फसगत होते ती निःपक्षपातीपणाची पाटी लावलेल्या दुकानात.

तालुक्याच्या पातळीवर विचारसरणी वगैरे फारशी आड येत नाही. मेहकर, चिखली, मलकापूर येथील बहुतेक वार्ताहर पगारी नाहीत. मानधन नाममात्र, आणि खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, दिवाळी अंकाची जाहिरात, शुभेच्छांचे अर्धे पान, हे सारे त्याच नेत्याकडून आणायचे आणि त्याच्याच मतदारसंघातील रखडलेल्या रस्त्याची बातमीही द्यायची! मग ती बातमी खोटी लिहिली जात नाही. ती फक्त लिहिली जात नाही. सत्तेत कोणताही पक्ष असो, हे गणित बदलत नाही, आणि विरोधी उमेदवाराकडे पैसा असेल तर पारडे तिकडेही झुकते. न छापलेली बातमी मात्र कोणत्याही चौकशीत पुरावा म्हणून मांडता येत नाही.

जिल्ह्यात यावर देखरेखीसाठी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. संशयित मजकूर पेड न्यूज ठरल्यास जाहिरातीच्या दराने त्याची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. त्यामुळे एकाच उमेदवाराची सलग स्तुती टिपली जाण्याची थोडीफार शक्यता आहे. परंतु कायद्यानुसार खर्चाचा हिशेब उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा. वाढदिवसाच्या पुरवण्या त्याआधीची साडेचार-पाच वर्षे निघत असतात, आणि त्या कोणत्याही समितीपुढे येत नाहीत.