मायलिनच्या पेशी आणि वागणूक

वर्तन ठरवतात ते न्यूरॉन, त्यांच्या तंतूंवरचे मायलिन म्हणजे नुसते विजेच्या तारेवरचे प्लॅस्टिक, असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. मायलिन घडवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींतले जनुक काढले की उंदीर अडखळणारच. वेष्टण सोलल्यावर दिवा विझला, यात वेष्टणाची कसली करामत?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रिचर्डसन यांच्या गटाने केलेल्या, २०१४ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगापुढे हा युक्तिवाद टिकत नाही. ऑलिगोडेंड्रोसाइट ज्यांच्यापासून तयार होतात, त्या पूर्वपेशींतले ‘मायर्फ’ हे जनुक त्यांनी प्रौढ उंदरांत निकामी केले. जुने मायलिन जागच्या जागी राहिले, नवे तयार होणे तेवढे थांबले. मग उंदरांना पळायला चाक दिले, पण कमीजास्त अंतरांवर आडव्या काड्या असलेले. पाऊल कुठे टाकायचे हे तिथे शिकावेच लागते. या उंदरांना ते नीट जमेना. आता, जनुक गेल्याने उंदीर सरसकट अधू होत असता, तर हे चाक आधी शिकून घेतलेला उंदीरही जनुक गेल्यावर धडपडायला हवा होता. तो सराईतासारखा पळाला! अडले ते नवे शिकणे.

एवढ्यावरून ‘अमुक स्वभावाचे जनुक सापडले’ अशी दवंडी पिटणारेही आहेत. (मथळे लिहिणाऱ्यांना असे जनुक दर पंधरवड्याला सापडते.) त्यांनी गॅब्रिएल कॉर्फास यांच्या गटाचे २०१२चे काम पाहावे. दूध तुटल्यावर लगेच दोन आठवडे एकटी ठेवलेली उंदरांची पिले पुढे इतरांत मिसळेनात. मेंदूच्या पुढच्या भागातले मायलिन त्यांच्यात पातळ होते. नंतर सोबत देऊनही उपयोग झाला नाही. दुसऱ्या उंदरांत ऑलिगोडेंड्रोसाइटमधले ‘अर्ब-बी-३’ हे जनुक काढले, तेव्हा एकटे न ठेवताही तीच लक्षणे उमटली. एकीकडे जनुक शाबूत, सोबत हिरावलेली. दुसरीकडे सोबत होती, जनुक नव्हते. हे जनुक न्यूरेग्युलिन या रेणूचा निरोप स्वीकारणारा ग्राहक बनवते, आणि एकट्या पिलांत तो निरोपच कमी झाला होता. अनुभव पेशीपर्यंत पोचतो तो याच वाटेने. मग जनुक विरुद्ध परिस्थिती हा वाद कशासाठी?

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पॅट्रिझिया कासाचिया यांच्या गटाने प्रौढ उंदरांना आठ आठवडे एकटे ठेवले. त्यांचेही मायलिन पातळ झाले, पण पुन्हा सोबत मिळाल्यावर जनुकांच्या कामातले बदल आणि वागणे दोन्ही सावरले. सारे काही जनुकात लिहिलेले असते म्हणणाऱ्यांनी पिलू आणि प्रौढ यांच्यातला हा फरक आधी समजावून द्यावा.